दोन खिडक्यांचा कॅमेरा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली आणि पुनर्विकासाचा ठराव मंजूर झाला. १९७४ साली बांधलेली तीन मजली इमारत, चोवीस बिऱ्हाडं. वर्षभरात सगळ्यांनी घरं रिकामी करायची आणि भाड्याच्या जागांत पांगायचं. सभा संपल्यावर सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतिहासाच्या. पाडायच्या आधी घरांचे, माणसांचे फोटो काढून ठेवा की. तुमच्याकडे तो चांगला कॅमेरा आहे ना?"

मी हो म्हटलं. घरी येऊन कपाटातून कॅमेरा बाहेर काढला आणि मग प्रश्न पडला. हा कॅमेरा आहे एप्सन कंपनीचा आर-डी-वन. तो बाजारात आला २००४ साली. माझ्या भाच्यानं २००८ मध्ये जपानमधल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून तो माझ्यासाठी आणला. चोवीस घरांचं काम, तेही पुन्हा कधीच न करता येणारं, या म्हाताऱ्यावर सोपवायचं का? भाच्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा मोबाइल. नवा घे. निम्मे पैसे मी देतो."

निम्मे म्हटले तरी ते काही लाखांत जातात. पैशांचा विचार सुरू झाला की माझी जुनी सवय जागी होते. असाच प्रश्न आपल्याआधी कुणाकुणाला पडला होता आणि त्यांनी काय केलं, हे पाहायला मी लागते. हा लेख त्या शोधातून झाला आहे.

अंतर मोजणारी नजर

आधी हा कॅमेरा म्हणजे काय ते सांगते. नेहमीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेलं चित्र आरशावर पडून डोळ्यापर्यंत येतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एकमेकींपासून काही सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण समोरचं पाहतो. दुसरीतून आलेलं चित्र पहिल्या चित्राच्या मधोमध, पुसट चौकोनात, दिसतं. भिंगाची कडी फिरवली की ते पुसट चित्र सरकतं. दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसली की त्या वस्तूचं अंतर साधलं आणि भिंग तिच्यावर स्थिरावलं. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात तीच ही युक्ती. तोफखान्यातली अंतरमापक यंत्रंही याच तत्त्वावर चालत.

या पद्धतीचे दोन फायदे. एक म्हणजे चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे कोण चौकटीत शिरणार आहे ते आधीच कळतं. दुसरा म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणी आरसा वर उडून डोळ्यांपुढे अंधार होत नाही. लायका कंपनीचा ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत आला. १९३२ मध्ये तिच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये अंतरमापक थेट भिंगाला जोडला गेला आणि त्याच वर्षी झाइस कंपनीचा कॉन्टॅक्सही निघाला. खिशात मावणारा कॅमेरा घेऊन माणसांच्या गर्दीत मिसळणं त्यानंतर शक्य झालं. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येच्या थोडा वेळ आधी त्यांना भेटलेल्या आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या हातात लायकाच असे.

१९५४ साली लायकाचा एम-थ्री आला आणि रेंजफाइंडरची कारागिरी कळसाला पोचली. गंमत अशी की उतरणीची सुरुवातही तिथूनच झाली. एम-थ्रीच्या तोडीचं यंत्र बनवण्यापेक्षा जपानी कंपन्या दुसऱ्या वाटेनं गेल्या. १९५९ साली निकॉननं एफ हा एसएलआर कॅमेरा काढला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बातमीदारांच्या गळ्यातला कॅमेरा बदलला. रेंजफाइंडर वाईट झाला म्हणून नव्हे. लांब पल्ल्याची भिंगं त्यावर नीट चालत नाहीत आणि क्रिकेटचा सामना किंवा मोर्चातला दूरवरचा चेहरा टिपायला ती लागतातच. म्हणजे बदल कामानं ठरवला. ही पहिली नोंद मी वहीत केली.

बदलायचं की टिकवायचं: मुंबईतले जुने निर्णय

मुंबईत हा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळात फोटोग्राफी करणाऱ्या पहिल्या मराठी माणसांपैकी एक. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या कलोडियनची काचेवरची रीत जाहीर केली होती. तिच्यात बारकावे अप्रतिम यायचे. पण काच ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवायचा, ही अट होती. आपल्याकडच्या उकाड्यात ती काच भराभर सुकायची. म्हणून हिंदुस्थानात फिरणाऱ्या कित्येक छायाचित्रकारांनी मेण लावलेल्या कागदाची जुनी रीतच काही वर्षं चालू ठेवली. कागद कोरडा असताना चालायचा, आधी तयार करून ठेवता यायचा आणि बैलगाडीत फुटायचा नाही. नवं तंत्र श्रेष्ठ होतं, पण इथल्या हवेत जुनं सोयीचं होतं. ही दुसरी नोंद.

तिसरी नोंद हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादांची. ते मुंबईतले फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे चलच्चित्रांचे खेळ सुरू झाले आणि ते पाहून सावेदादांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रीकरण केलं, पण फिल्म धुण्यासाठी परत इंग्लंडला धाडावी लागली. कॅमेरा हातात आला तरी त्याच्यामागची व्यवस्था समुद्रापलीकडेच होती. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथराव परांजपे मायदेशी परतले, त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं. पुढे सावेदादांचा उत्साह ओसरला आणि त्यांचा कॅमेरा करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या तिघांच्या हाती गेला. जुनं यंत्र नव्या हातांत चालत राहिलं. सावेदादांची चित्रं मात्र आज पाहायला मिळत नाहीत. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्याकडे पुन्हा येईन.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण परतल्यावर त्यांनी आधी काय केलं, ते इथे महत्त्वाचं. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपट्याची वाढ दिवसचे दिवस एकेक चौकट घेत टिपली. पैसे घालणाऱ्याला पटवण्यासाठी ते छोटं चित्र पुरलं. यंत्राचा कस त्यांनी घराच्या खोलीत, हाताशी असलेल्या वस्तूवर पाहिला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी तिसरा मार्ग धरला. परदेशी कॅमेरा परवडत नाही, तर आपणच बनवू. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० सालचा 'सैरंध्री' त्या घरच्या कॅमेऱ्यावर उतरला.

आणखी एक उदाहरण वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं. कनू गांधींना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स आला. बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत. या तीन अटींच्या आत राहून जे काम झालं, ते आज गांधीजींच्या अखेरच्या दशकाचं सर्वांत जवळून घेतलेलं दर्शन आहे.

बोटीवरून आलेला याशिका

आमच्या घरातला पहिला कॅमेराही दोन खिडक्यांचाच. याशिका इलेक्ट्रो ३५ हे मॉडेल १९६६ चं. वडिलांनी तो १९७३ मध्ये घेतला. घेतला म्हणजे काय, तर ऑफिसातल्या सहकाऱ्याचा भाऊ बोटीवर होता, त्याच्याकरवी आणवला. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरचे निर्बंध यांमुळे साध्या नोकरदाराला परदेशी कॅमेरा दुकानातून उजळ माथ्यानं घेणं त्या काळी कठीणच होतं. देशात मिळायचा तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक-थ्री: एका रोलमध्ये बारा फोटो, उजेड असेल तर ठीक. फिल्मसाठी उटकमंडला सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, तिची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म अनेकांना आठवत असेल.

याशिकात भिंगाचं छिद्र आपण ठरवायचं आणि झडप किती वेळ उघडी राहील ते आतलं विजेचं सर्किट ठरवायचं. त्यासाठी पाऱ्याची ५.६ व्होल्टची बॅटरी लागे. १९९० च्या दशकात पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर अनेक देशांत बंदी आली आणि ती बॅटरी बाजारातून गेली. वडिलांचा कॅमेरा ठणठणीत होता, भिंग स्वच्छ होतं, पण त्याचं खाणं बंद झालं. बोरा बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्यानं छोट्या बॅटऱ्या आणि एक स्प्रिंग बसवून तो पुन्हा चालू केला. त्यानंतर दहा वर्षं तो चालला.

कॅमेरा मरतो तो बहुधा पुरवठ्याअभावी, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण कोडाक्रोम. कोडॅकनं २००९ साली ही रंगीत फिल्म बनवणं थांबवलं. शेवटचा रोल स्टीव्ह मॅक्करीच्या हाती दिला गेला आणि त्यातल्या काही चौकटी २०१० मध्ये आपल्या मुंबईत, अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास यांच्यावर खर्ची पडल्या. तो रोल धुतला गेला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका लॅबमध्ये आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिनंही ती प्रक्रिया बंद केली. जगातले कोडाक्रोम भरता येणारे सगळे कॅमेरे शाबूत होते. रसायन संपलं होतं.

अर्धा यांत्रिक, अर्धा विजेचा

आता माझ्या कॅमेऱ्याकडे येते. जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकानं नव्हे, तर प्रिंटर आणि घड्याळांच्या घराण्यातल्या एप्सननं काढला. कॅमेऱ्याचं शरीर कोसिना कंपनीनं बनवलं. सेन्सर ६१ लाख बिंदूंचा. वरच्या अंगाला घड्याळासारखी तबकडी: एक काटा उरलेले फोटो दाखवतो, दुसरा बॅटरी. फिल्म नसूनही प्रत्येक फोटोनंतर झडप ताणण्यासाठी अंगठ्यानं खटका ओढावा लागतो. मागचा पडदा उलटा करून मिटता येतो, मग तो डिजिटल आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लायकाचा एम-एट त्यानंतर दोन वर्षांनी, २००६ मध्ये आला. त्याचा सेन्सर अवरक्त किरणांना इतका हळवा होता की काळे कृत्रिम कपडे जांभळट दिसायचे. कंपनीनं ग्राहकांना भिंगावर लावायचे फिल्टर मोफत दिले. ९ सप्टेंबर २००९ रोजी जाहीर झालेल्या एम-नाइनचा सेन्सर कोडॅकचा होता. त्याच्यावरच्या संरक्षक काचेला काही वर्षांनी गंज धरू लागला. कंपनीनं बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले, पण तोवर कोडॅकनं सेन्सरचा विभागच विकला होता आणि पुढे मूळ पद्धतीच्या सेन्सरचा साठा संपला. १९५४ चा एम-थ्री आजही फिल्म घालून चालवता येतो, २००९ च्या एम-नाइनची तशी हमी कुणी देणार नाही.

माझा कॅमेरा काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून टेबलावरून पडला. तेव्हापासून दोन चित्रं आडवी जुळायची, उभी जुळायची नाहीत. तो घेऊन मी या जुलैत बोरा बाजारात गेले. दुरुस्ती करणारे गृहस्थ सत्तरीचे. त्यांनी वरची फ्लॅशची पट्टी काढली, खालचा बारीक स्क्रू फिरवला, रस्त्यापलीकडच्या पाटीवर नजर लावली आणि दहा मिनिटांत दोन्ही चित्रं जुळवून दिली. पैसे घेताना म्हणाले, "ताई, स्क्रू आहे तोवर माझ्याकडे या. आतलं सर्किट गेलं तर येऊ नका. ते माझ्याच्यानं होणार नाही, दुसऱ्या कुणाच्यानंही नाही."

दुसरी अडचण कार्डाची. हा कॅमेरा दोन जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड ओळखतो. लॅमिंग्टन रोडवर मी दोन जीबीचं कार्ड मागितलं तेव्हा दुकानातला मुलगा हसला. "आजी, चौसष्टच्या खाली काही ठेवत नाही." तिसऱ्या दुकानात धूळ खात पडलेली चार कार्डं मिळाली. चारही घेतली. एका कार्डावर कच्च्या स्वरूपातले जेमतेम दोनशे फोटो मावतात.

अंधेरीतून आणलेला नवा

फाळक्यांचं वाटाण्याचं रोपटं आठवलं आणि ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा पाहावं. अंधेरी पश्चिमेला सिनेमा-मालिकांमुळे कॅमेरे भाड्यानं देणारी पुष्कळ दुकानं आहेत. तिथून नव्या पिढीचा, सहा कोटी बिंदूंचा रेंजफाइंडर शनिवार-रविवारसाठी आणला. घाटकोपरहून मेट्रोनं गेले आणि तसंच परत आले. पिशवी पोटाशी धरून बसले होते, कारण तिच्यातल्या ऐवजाची किंमत माझ्या वर्षभराच्या पेन्शनच्या आसपास होती.

दोन्ही कॅमेऱ्यांवर माझंच जुनं ३५ मिलिमीटरचं भिंग लावलं आणि आमच्या जिन्यापासून सुरुवात केली. दिवसाउजेडी गॅलरीत घेतलेल्या फोटोंत मला डोळ्यानं फरक करता येईना. हिशेब मांडला. माझ्या कॅमेऱ्याचं चित्र ३००८ बाय २००० बिंदूंचं. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर दहा इंच बाय साडेसहा इंचांहून थोडं मोठं. या अंकाचं पान भरायला तेवढं पुरतं. नव्याचं चित्र त्याच हिशेबानं एकतीस इंचांवर जातं. भिंतीएवढं छापायचं असेल तर त्याला तोड नाही, पण तसं कोण छापणार आहे?

रात्री मात्र उत्तर बदललं. आमच्या जिन्यात एकच दिवा आहे. तिथं माझा कॅमेरा त्याच्या शेवटच्या, १६०० च्या, संवेदनशीलतेवर नेला की सावलीत रवाळ ठिपके उठतात. नव्यानं तिथं भिंतीवरच्या पोपड्यांसकट सगळं दाखवलं. तळमजल्यावरच्या शहाऐंशी वर्षांच्या आजी देवापुढे निरंजन लावून बसतात, तो फोटो जुन्यानं मला कधीच दिला नव्हता. नव्यानं पहिल्या झटक्यात दिला. तो पाहून मी जवळजवळ ठरवलंच होतं.

मग कपाटातला दुसरा डबा

तुलनेसाठी मला आर-डी-वनचे जुने फोटो हवे होते, म्हणून सीडींचा डबा काढला. २००८ ते २०१२ या काळात मी त्रेचाळीस सीडी भरल्या होत्या. त्यांतल्या नऊ उघडल्याच नाहीत. दोन ठिकाणी दाखवून आले. एकीवरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. त्या नवांपैकी दोनांवर वडिलांची शेवटची दिवाळी होती आणि तीनांवर लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांची दारं. ते कारखाने आता नाहीत आणि ते फोटोही नाहीत. दोष मी कंपनीला देत नाही. दुसरी प्रत ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

त्याच कपाटात वरच्या खणात वडिलांच्या याशिकाच्या निगेटिव्ह आहेत, १९७३ पासूनच्या, बटर पेपरच्या पाकिटांत, त्यांच्या अक्षरात तारखा घातलेल्या. काहींना बुरशी लागली आहे, पण एकूण एक पट्टी उजेडात धरली की दिसते. आमची इमारत नवी असतानाची पहिली गणेशोत्सवाची मूर्ती त्यांत आहे.

सावेदादांपाशी मी का थांबले होते, ते मला इथं उमगलं. त्यांचा कॅमेरा पुढच्या तिघांना मिळाला, चित्रं कुणालाच मिळाली नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चाही आज काही भागच उरला आहे. उलट होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला आणि पुढे आपला संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, म्हणून स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची दिल्ली आपल्याला दिसते. त्यांनी कोणत्या साली कोणता कॅमेरा बदलला, हे विचारायला आज फारसं कुणी जात नाही. मी आठवडाभर यंत्राचं वय मोजत होते. मोजायला हवं होतं चित्रांचं.

भाच्याला फोन करून सांगितलं, "नवा नको. पैसे मात्र दे."

हिशेब असा केला. दिवसाचं सगळं काम आर-डी-वनवर. रात्रीच्या कामासाठी अंधेरीहून दोन वेळा कॅमेरा भाड्यानं. उरलेल्या रकमेतून एक स्कॅनर, दोन हार्ड डिस्क (एक माझ्याकडे, एक पुण्याला बहिणीकडे) आणि निवडक फोटोंच्या कागदावरच्या प्रती. आर-डी-वनच्या कच्च्या फायली एप्सनच्या स्वतःच्या स्वरूपातल्या आहेत. आज त्या उघडतात तोवरच सर्वमान्य स्वरूपात बदलून ठेवायच्या. आणि सर्किट जाईल त्या दिवशी शोक न करता पुढचा विचार करायचा.

एक काम मूळ यादीत नव्हतं, ते वाढलं. चोवीस घरांत मी फोटो काढायला जाते तेव्हा आता आधी विचारते, "जुना अल्बम आहे का?" घर हलवताना भांडी मोजली जातात, अल्बम राहून जातात. आतापर्यंत अकरा घरं झाली. सहाशेच्या वर जुने फोटो स्कॅन झाले आहेत. तळमजल्यावरच्या आजींनी ट्रंकेतून एक फोटो काढून दिला: १९७४, इमारतीला अजून रंग लागलेला नाही, गच्चीवर बांबू आहेत आणि खाली चिखलात पंचवीस-तीस माणसं नव्या घराच्या किल्ल्या हातात घेऊन उभी आहेत. कुणी काढला, कुठल्या कॅमेऱ्यानं, आजींना आठवत नाही. माणसांची नावं मात्र त्यांनी एकामागून एक सांगितली आणि मी ती फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून घेतली.